आपल्या पैशाचं विमान कसं ओळखावं : पिंगळीकरांसाठी स्पिटफायर प्रवेशिका

ही प्रवेशिका परभणी जिल्ह्यातल्या पिंगळी आणि पंचक्रोशीतल्या होतकरू मंडळींसाठी आहे. पूर्वज्ञानाची अट नाही. विमानात बसलेले असाल तरी बिघडत नाही, पण त्याचा इथं काही उपयोगही होणार नाही. विमानातून बघणं आणि विमानाकडे बघणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. साहित्य : एक वही, एक पेन्सिल, पुसलेला चष्मा आणि मान दुखेपर्यंत वर बघायची तयारी. दुर्बीण असल्यास घरी ठेवा. दुर्बीण घेऊन बांधावर उभा राहिलेला माणूस गावात फार वेळ एकटा राहत नाही, आणि अभ्यासाला एकांत लागतो.

पहिली शंका वर्गात नेहमी मागच्या बाकावरून येते : इंग्लंडच्या स्पिटफायर नावाच्या लढाऊ विमानाशी आपला संबंध काय? संबंध पैशाचा आहे. परभणी जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या मुलखात होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांना दोन्ही महायुद्धांत सढळ हातानं मदत केली आणि तिच्यात विमानांच्या अख्ख्या तुकड्या होत्या. पहिल्या महायुद्धात 110 क्रमांकाची स्क्वॉड्रन 1918 साली फ्रान्सला गेली ती डी. एच. 9 ए जातीची बॉम्बफेकी विमानं घेऊन, आणि त्यांच्यावर निजामाच्या देणगीचा मजकूर रंगवलेला होता. देवळाच्या पायरीवर वर्गणीदाराचं नाव कोरायची पद्धत आपल्याकडंच आहे असं कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात 152 ‘हैदराबाद’ आणि 253 ‘हैदराबाद स्टेट’ अशा आणखी दोन स्क्वॉड्रन आल्या. 253 कडं हरिकेन विमानं होती, 152 कडं स्पिटफायर. 152 च्या बोधचिन्हावर चक्क निजामाची दस्तार, म्हणजे पगडी, आहे आणि खाली ‘एकनिष्ठ दोस्त’ अशा अर्थाचं ब्रीद.

आता निजामाचा खजिना भरायचा कशानं? मुख्यतः शेतसाऱ्यानं. परभणीच्या काळ्या जमिनीतून निघालेला सारा हैदराबादला जायचा. त्यातला कोणता रुपया विमानात गेला आणि कोणता राजवाड्यात, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा चावडीवर वाद घालू नये. पिंगळीच्या वाट्याला निदान एक रिव्हेट आला एवढं धरून पुढं चालू.

हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी : 1940 साली देणगीदारांना एका स्पिटफायरची किंमत 5000 पौंड सांगितली जाई. खरा खर्च त्याहून बराच जास्त, पण देणगी मागताना गोल आकडा बरा पडतो. रुपया तेव्हा दीड शिलिंगाचा. म्हणजे एक विमान साधारण 66 हजार 667 कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातल्या, रुपयांना. आपल्याकडं चालायचा निजामाचा हाली सिक्का. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, या भावानं झाले 77 हजार 777 हाली रुपये आणि वर थोडी चिल्लर. एवढी रक्कम मोजल्यावर आपल्याला कोणतं मॉडेल मिळालं, जुनं तर गळ्यात मारलं नाही ना, हे बघणं ग्राहकाचा हक्क आहे. तो बजावायला थोडा उशीर झालाय, इतकंच.

धडा पहिला : आकड्यावर विश्वास ठेवू नका

स्पिटफायरचा पहिला नमुना 5 मार्च 1936 रोजी इंग्लंडमध्ये ईस्टलेच्या मैदानावरून उडाला. रचनाकार रेजिनाल्ड मिचेल. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो कर्करोगानं वारला, वय 42. म्हणजे ज्या विमानाबद्दल त्याचं नाव घेतात, ते पलटणीत दाखल झालेलं त्यानं पाहिलंच नाही. 1938 मध्ये पहिली विमानं दाखल झाली आणि 1948 मध्ये शेवटचं कारखान्यातून बाहेर पडलं; मधल्या काळात वीस हजारांवर तयार झाली. हा सगळा संसार जोसेफ स्मिथ नावाच्या त्याच्या सहकाऱ्यानं सांभाळला. पहिल्या विमानाचं मर्लिन इंजिन हजार अश्वशक्तीच्या थोडं वर, शेवटच्याचं ग्रिफन इंजिन जवळपास दुप्पट ताकदीचं. पाती बदलली, तोफा बदलल्या, शेपूट बदललं, पंखसुद्धा बदलले. नाव मात्र तेच. सरकारी योजनांच्या बाबतीत याच्या उलट चालतं.

प्रत्येक मोठ्या बदलाला ‘मार्क’ म्हणून एक आकडा दिला गेला, एकपासून चोवीसपर्यंत. नवशिका इथंच फसतो. त्याला वाटतं, मोठा आकडा म्हणजे नवं विमान. मार्क नऊ हा मार्क आठच्या आधी लढाईत उतरला. कारण असं : 1941 च्या शरद ऋतूत जर्मनांचं फोके-वुल्फ 190 दिसायला लागलं आणि इंग्रजांच्या मार्क पाचला ते सरळ भारी पडलं. त्यावर तोड म्हणून मार्क आठची नीट, पूर्ण नवी रचना चालू होती, पण ती वेळ खाणार होती. वाट बघायला सवड नव्हती. मग मार्क पाचच्याच सांगाड्याचं नाक लांबवून त्यात दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं मर्लिन 61 बसवलं आणि 1942 च्या उन्हाळ्यात त्याला मार्क नऊ म्हणून उडवलं. तात्पुरती सोय म्हणून.

मार्क पाचचीही हीच कहाणी. खरा मान मार्क तीनचा होता. तो येईपर्यंत भागवायचं म्हणून जुन्या सांगाड्यात मर्लिन 45 टाकून मार्क पाच काढला, आणि मार्क तीन शेवटपर्यंत आलाच नाही. आता गंमत बघा. स्पिटफायरच्या सगळ्या खानदानात सर्वाधिक बनले ते हेच दोन : पाचवा साडेसहा हजारांच्या आसपास आणि नववा साडेपाच हजारांवर. ‘तात्पुरत्या स्वरूपात’ हे शब्द आदेशात दिसले की काम कायमचं झालं असं समजावं, हा नियम इंग्रजांकडूनच आपल्याकडं आला असावा.

मार्क सोळा तर निव्वळ कागदाचा खेळ. तो म्हणजे मार्क नऊच. फक्त इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं बनवलेलं. शेजारी शेजारी उभे केले तर भल्याभल्यांना सांगता येत नाही. नवशिक्यानं अशा वेळी गंभीर चेहरा करून ‘पॅकार्ड वाटतंय’ एवढंच म्हणावं. निम्म्या वेळा बरोबर येतं.

धडा दुसरा : खालून बघणे

शेतात उभं राहून बघणाऱ्याला विमानाचं पोट आधी दिसतं, आणि स्पिटफायरच्या बाबतीत पोटच जास्त खरं बोलतं. पंख टोकाकडं निमुळते होत गेलेले, लंबवर्तुळाकार. हे ओळखता आलं की पहिली इयत्ता पास. पुढची खूण पंखांखालच्या पेट्यांची. मार्क पाचपर्यंत त्या बेजोड असतात : उजव्या पंखाखाली चौकोनी मोठा रेडिएटर, डाव्याखाली तेल थंड करणारी बारकी नळीवजा पेटी. दोन्हीकडं सारख्या मोठ्या पेट्या दिसल्या तर ते मार्क नऊ किंवा त्याच्या जवळच्या नात्यातलं. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी तालुक्यात तुमच्यासमोर कोणी टिकणार नाही.

पाती मोजायची ती विमान जमिनीवर उभं असताना. सुरुवातीच्या काही विमानांना लाकडी दोन, मग तीन, मार्क नऊला चार, ग्रिफनवाल्या मार्क चौदाला पाच. मर्लिन आणि ग्रिफन यांची फिरण्याची दिशा उलटी. मर्लिनचं विमान धावपट्टीवर वेग घेताना डावीकडं ओढ घ्यायचं, ग्रिफनचं उजवीकडं. वर्षानुवर्षं मर्लिनवर हात बसलेला वैमानिक पहिल्यांदा मार्क चौदामध्ये बसला की सवयीनं चुकीच्या बाजूचा पायटा दाबायचा आणि मैदानावरच्या सगळ्यांची करमणूक व्हायची.

तोफांसाठी पंखांना अक्षरं आहेत. ‘ए’ पंखात आठ मशीनगन. ‘बी’ मध्ये दोन 20 मिलिमीटरच्या तोफा आणि चार मशीनगन. ‘सी’ पंख सर्वसमावेशक, त्यात चार तोफाही बसायच्या किंवा दोन तोफा नि चार मशीनगन. ‘ई’ मध्ये दोन तोफा आणि दोन जाड मशीनगन. मशीनगनच्या तोंडाशी असलेल्या भोकांना लाल कापडाच्या चकत्या चिकटवलेल्या असत. शोभेसाठी नव्हे. उंचीवर ओल गोठून बंदुका अडकायच्या, त्या अडकू नयेत म्हणून. विमान परतलं की जमिनीवरची माणसं आधी वैमानिकाच्या चेहऱ्याकडं बघत नसत, या चकत्यांकडं बघत. फाटलेल्या असल्या म्हणजे आज गोळीबार झाला.

एक धोक्याची सूचना. पंखांची टोकं सुटी असत. खाली उडायचं असेल तर टोकं काढून पंख बोथट करायचे, त्यानं विमान झटकन लोळण घ्यायचं. खूप उंच जायचं असेल तर लांब टोकदार टोकं लावायची. त्यामुळं सकाळी पाहिलेलं विमान आणि संध्याकाळी पाहिलेलं विमान आकारानं वेगळं असूनही तेच असू शकतं. वहीत दोनदा नोंद करून नोंदी फुगवू नयेत.

धडा तिसरा : कारखाना

कारखान्याचा धडा थोडक्यात. 26 सप्टेंबर 1940 रोजी जर्मनांनी साउदॅम्प्टनजवळचा वूल्स्टनचा मुख्य कारखाना बॉम्बनं उद्ध्वस्त केला. त्यानंतर दक्षिण इंग्लंडात स्पिटफायर कुठंही बनायला लागलं : मोटारीच्या गॅरेजात, बसच्या आगारात, कपडे धुण्याच्या लाँड्रीत. एका शहरात पंख, दुसऱ्यात धड, जोडणी तिसरीकडं. तेव्हा ‘कंपनी फिटिंग’ या शब्दाला अवास्तव मान देऊ नका.

धडा चौथा : शिवारातल्या दुरुस्त्या

हा मुख्य धडा. यावर निम्मे गुण आहेत.

शोरूममधून आलेला ट्रॅक्टर आणि दोन हंगामांनंतर बांधावर उभा असलेला तोच ट्रॅक्टर यांच्यात जो फरक असतो, तो पिंगळीच्या कुठल्याही पोराला दुरून सांगता येतो : सीट बदललेली, मागचा हूक वेल्डिंग करून जाड केलेला, छत लावलेलं, एअर क्लिनरवर फडकं गुंडाळलेलं. कंपनीच्या पुस्तकात यातलं काहीच नसतं. स्पिटफायरची गोष्ट हीच आहे. कागदावर मार्क पाच लिहिलेलं असतं. उभं असतं ते फिटरनं शेवटी जसं सोडलं तसं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ ही म्हण युद्धभूमीवरच्या वर्कशॉपात कोणी टांगलेली नव्हती, पण काम त्याच तत्त्वावर चालायचं.

सर्वांत मोठी दुरुस्ती सर्वांत कमी दिसणारी. 1940 च्या सुरुवातीला स्पिटफायरच्या पात्यांच्या कोनाला दोनच ठिकाणं होती, एक चढायला आणि एक सरळ उडायला. मधलं काही नाही. वेगाप्रमाणे आपोआप कोन बदलणारी यंत्रणा आली, पण विमानं कारखान्यात परत पाठवायची म्हणजे आकाश रिकामं ठेवायचं. जूनच्या अखेरीस डी हॅविलंड कंपनीचे कारागीर साहित्य घेऊन एकेका विमानतळावर गेले आणि रात्रंदिवस जागेवरच बसवत सुटले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत स्पिटफायर आणि हरिकेन मिळून हजारावर विमानं झाली. ब्रिटनच्या लढाईचा कळस त्याच महिन्यापासून सुरू होतो. बाहेरून बघणाऱ्याला काडीचा फरक दिसत नव्हता.

दुसरी दुरुस्ती एका बाईंची, आणि ती ओळखायला विमान उघडावं लागेल. मर्लिन इंजिनाला पेट्रोल पुरवायचं ते तरंगता गोळा असलेल्या कार्ब्युरेटरनं. वैमानिकानं नाक एकदम खाली केलं की पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वरच्या अंगाला उसळायचं, इंजिन क्षणभर उपाशी राहायचं आणि लगेच नको इतकं पेट्रोल येऊन गुदमरायचं. जर्मन मेसरश्मिटला पेट्रोल थेट इंजेक्शननं मिळायचं, त्यामुळं मागं लागलेलं स्पिटफायर चुकवायला त्यानं नुसतं नाक खाली केलं तरी पुरे. इंग्रज वैमानिकाला आधी विमान उलटं करून मग झेप घ्यावी लागे, आणि तेवढ्यात सावज लांब जाई. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिअॅट्रिस शिलिंग यांनी 1941 मध्ये उपाय काढला : बोटावर मावेल अशी पितळी चकती, मधोमध भोक. भोकाचा आकार असा मोजून धरलेला की इंजिन पूर्ण ताकदीवर चालताना जेवढं पेट्रोल लागेल तेवढंच त्यातून जाईल, जास्त नाही. चकती बसवायला विमान ताफ्यातून काढावं लागत नसे. बाई स्वतः मोटारसायकलच्या शर्यती जिंकलेल्या. ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वरचा फेरा मारल्याचा बिल्ला त्यांच्याकडं होता. त्यांनी नि त्यांच्या माणसांनी तळोतळी फिरून चकत्या बसवल्या. दोष समूळ गेला नाही, पुढं नवे कार्ब्युरेटर आल्यावर गेला. पण मधली दोन वर्षं त्या भोकावर निघाली. स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीच्या विक्रीपत्रकात हे भोक नाही.

तिसरी दुरुस्ती पिंगळीकराला सर्वांत लवकर पटेल, कारण ती धुळीची आहे. उन्हाळ्यात नांगरलेल्या रानातून फुफाटा उठतो तेव्हा इंजिनाचं काय होतं हे इथं कोणाला शिकवायला नको. उत्तर आफ्रिकेच्या वाळूत मर्लिन काही तासांत झिजायला लागलं. तेव्हा कंपनीनं नाकाखाली व्होक्स नावाचा मोठा फिल्टर लावला. स्पिटफायरला एकदम लोंबती हनुवटी आली. इंजिन वाचलं, वेग गेला, आणि देखणेपण तर गेलंच. तुम्हाला असं सुजलेल्या हनुवटीचं स्पिटफायर फोटोत दिसलं तर वहीत ‘उष्ण प्रदेश’ अशी नोंद करा. मग इजिप्तमध्ये अबुकीरच्या दुरुस्ती केंद्रात, 103 मेंटेनन्स युनिटमध्ये, माणसांनी स्वतःच एक लहान, आटोपशीर फिल्टर बनवला. कमी जागा, कमी अडथळा, काम तेच. तो ‘अबुकीर फिल्टर’ म्हणून ओळखला जातो. दुरून आलेल्या मालापेक्षा परिसरातल्या माणसानं धूळ खाऊन केलेला माल चांगला, हा अनुभव इथल्या अवजारांच्या दुकानदारांनाही असेल.

याच अबुकीरवाल्यांची आणखी एक करामत सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1942 च्या उन्हाळ्यात जर्मनांची युंकर्स 86 जातीची टेहळणी विमानं इतक्या उंचावरून येत की कोणतंच स्पिटफायर तिथं पोचेना. वर्कशॉपनं एक मार्क पाच घेतलं आणि ते सोलायला घेतलं. चिलखती पत्रा काढला, तोफा काढल्या, हलक्या बंदुका काढून त्याऐवजी दोनच जाड मशीनगन ठेवल्या, इंजिनाच्या दाबात फेरफार केला, नको असलेलं प्रत्येक वजन उतरवलं. ऑगस्टमध्ये रेनॉल्ड्स नावाच्या अधिकाऱ्यानं असंच विमान घेऊन एका युंकर्सला गाठलं. या विमानाला कोणता मार्क म्हणायचं? कागद म्हणतो पाच. परीक्षेत हा प्रश्न आल्यास ‘अबुकीर’ लिहा, पूर्ण गुण मिळतील.

माल्टा बेटावर याच्या जवळची गोष्ट. तिथं विमानवाहू जहाजांवरून चार तोफांची विमानं पाठवली. बेटावरच्यांनी दोन तोफा उतरवल्या. वजन कमी, चढण जास्त. वाळवंटासाठी पिवळट रंगात आलेली विमानं समुद्रावर उठून दिसतात म्हणून त्यांच्यावर मिळेल तो निळा रंग फासला. नेमकी कोणती छटा, यावर आजही हौशी लोकांची भांडणं होतात. नवशिक्यानं त्यात पडू नये.

मार्क पाचचं म्हातारपणही दुरुस्त्यांतच गेलं. खालच्या उंचीसाठी पंखांची टोकं छाटली, सुपरचार्जरचा पंखा खुरटा केला, आणि सांगाडे तर आधीच शेकडो तास उडून थकलेले. वैमानिकांनी त्याला अनुप्रास जुळवून तीन शब्दांचं नाव दिलं होतं, अर्थ असा : छाटलेलं, खुरटलेलं आणि मोडीत निघालेलं.

आणखी किरकोळ : मागून कोण येतंय ते दिसावं म्हणून काही वैमानिकांनी मोटारीचे आरसे विकत आणून काचेवर बसवले, नंतर अधिकृत आरसे आले. 1944 मध्ये नॉर्मंडीला पंखांखाली बिअरचे पिंप लटकवून नेले गेले. हा बदल कोणत्या सदरात मोडतो, हे शिक्षकांनी ठरवावं.

धडा पाचवा : आपल्या विमानाचा माग

आता मूळ तक्रारीकडं. आपल्याला काय मिळालं? 152 स्क्वॉड्रनला 1940 च्या सुरुवातीला मार्क एक मिळालं आणि ब्रिटनच्या लढाईत ती डॉर्सेटमधल्या वॉर्मवेलच्या तळावर होती, पोर्टलंड बंदराच्या आसपासचा टापू राखायला. धडावरची अक्षरं ‘यू एम’. फोटोत ही अक्षरं दिसली की समजा, वर्गणी पोचली. त्यानंतर मार्क दोन, मग मार्क पाच. 1942 च्या नोव्हेंबरात स्क्वॉड्रन उत्तर आफ्रिकेत उतरली, अर्थात व्होक्सच्या हनुवटीसह. म्हणजे ट्युनिशियाची धूळ खाणाऱ्या विमानात परभणीच्या धुळीतून उगवलेला पैसा होता. पुढं सिसिली-इटलीच्या मोहिमेत मार्क नऊ. आणि 1943 च्या अखेरीस ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी ती भारतात आली, तेव्हा तिच्याकडं आलं मार्क आठ.

ग्राहक म्हणून इथं आपण नाक मुरडू शकतो : नवानंतर आठवा? फसवलं की काय? नाही. धडा पहिला पुन्हा वाचा. मार्क आठ ही ती नीट, फुरसतीनं केलेली रचना. धुळीचा फिल्टर बाहेर लटकलेला नाही, हवेच्या तोंडातच बसवलेला. शेपटीचं चाक आत ओढलं जाणारं. पंखांच्या कडेत जादा पेट्रोल. स्पिटफायरच्या जवळपास प्रत्येक प्रकाराची चाचणी घेणारा जेफ्री क्विल याला नुसतं उडवण्याच्या सुखासाठी आठवाच सगळ्यांत आवडायचा. तेव्हा आपला रिव्हेट चांगल्या ठिकाणी गेला.

ब्रह्मदेशातल्या शिवारी दुरुस्त्या रंगाच्या होत्या, आणि त्यांच्यामागं जीव जाण्याची भीती होती. इंग्रजांच्या गोल चिन्हाच्या मध्ये लाल ठिपका. जपान्यांचं चिन्ह म्हणजे नुसता लाल गोळा. घाईत दोन्ही सारखेच. म्हणून या आघाडीवर लाल रंग काढून टाकला, गोलात फक्त निळ्या नि पांढरट छटा ठेवल्या आणि पंख-शेपटीवर पांढरे पट्टे ओढले. भारतीय हवाई दलाच्या 8 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला 1944 मध्ये मार्क आठ मिळाली तीही याच वेषात. 152 वाल्यांनी त्यात स्वतःची भर घातली : गोलातून झेप घेणारा काळा बिबट्या. निजामाची दस्तार बोधचिन्हाच्या कागदावर राहिली, विमानावर बिबट्या चढला.

स्क्वॉड्रन 1946 मध्ये सिंगापुरात मोडली गेली. दोन वर्षांनी सप्टेंबर 1948 मध्ये निजामाच्या राज्यावर जी लढाऊ विमानं घोंघावली ती टेम्पेस्ट होती. त्यांचा अभ्यासक्रम वेगळा आहे आणि त्यात पिंगळीचा रिव्हेट नाही.

स्वाध्याय

एक : सकाळी टोकदार आणि संध्याकाळी बोथट पंखांचं स्पिटफायर एकाच तळावर दिसलं. विमानं किती? कारण द्या.
दोन : मार्क सोळा हा मार्क नऊपेक्षा सात पायऱ्या पुढारलेला आहे. चूक की बरोबर?
तीन : हनुवटी सुजलेली, उजवीकडं मोठी पेटी, डावीकडं बारकी, धडावर ‘यू एम’. विमान कुठं आहे आणि अंदाजे कोणतं साल?
चार : पितळी चकतीला भोक आहे. भोकाची किंमत किती?
तोंडी परीक्षेत ‘साधारण’, ‘बहुधा’ आणि ‘फोटो स्पष्ट नाही’ ही तीन उत्तरं ग्राह्य धरली जातील. जाणकारही हीच देतात.

प्रात्यक्षिकासाठी दिल्लीला जावं लागेल. पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे, तिथं स्पिटफायर ठेवलेलं आहे. नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस परभणीला मिळते. आरक्षण आधी करून ठेवा, ती गाडी रिकामी नसते. संग्रहालयात गेल्यावर लगेच पाटी वाचू नका. आधी वाकून पंखांखाली बघा, पेट्या मोजा, पाती मोजा, नाकाखाली डोकवा, पंखांची टोकं तपासा, वहीत तुमचा अंदाज लिहा. मग पाटी वाचा, आणि पाटी नि विमान जुळत नसेल तर विमानावर विश्वास ठेवा.